डाळिंबाच्या फांद्या वाकवताना मोडल्या, जून फांदीला वायर करायची का कात्रीच लावायची?

गच्चीवरची_बाग, जुळे सोलापूर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सविस्तर लिहितेय. माझ्या मामांची मोहोळ तालुक्यात डाळिंबाची बाग होती, भगवा जातीची, अकरा-बारा वर्षांची. तेल्या रोग काही केल्या आटोक्यात येईना म्हणून दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या सुमारास त्यांनी जेसीबी लावून सगळी बाग काढली. मी त्या दिवशी तिथंच होते, बांधावर खोडांचा ढीग पडलेला आणि मामा तिकडं बघत पण नव्हते. त्या ढिगातल्या एका खोडावर माझी नजर गेली ती हलेचना, मनगटाएवढं जाड, ओला टॉवेल पिळावा तसा पीळ पडलेला, एका अंगाची साल गेलेली आणि आतलं लाकूड उन्हानं पांढरंफटक. मामांना विचारलं नेऊ का, ते म्हणाले ने, एक तरी जगू दे.

गोणपाटात गुंडाळून आणलं, मुळं आखूड केली आणि टोमॅटोच्या क्रेटमध्ये मुरूम, विटांचा बारीक चुरा आणि थोडं शेणखत घालून लावलं. दोन महिने काहीच नाही, मी आशा सोडली होती, मग मार्चमध्ये सालीतून लाल लाल फुटवे आले. आता त्यातल्या नऊ फांद्या ठेवल्यात, काही पेन्सिलीएवढ्या जाड, काही काडेपेटीतल्या काडीपेक्षा थोड्या जाड.

या खोडाचं बोन्साय करायचंय, म्हणून गेल्या रविवारी व्हिडिओ बघून वायरिंग करायला बसले, म्हणजे फांदीला वायर गुंडाळून हवी तशी वाकवायला, २.५ मिमीची अ‍ॅल्युमिनियम वायर. डावीकडची सगळ्यात खालची फांदी, पेन्सिलीएवढी, पूर्ण तपकिरी झालेली, ती खाली ओढायला लागले तर अख्खी बुडातून निघून आली, खालची सालपट्टी पण सोबत घेऊन. मग घाबरून दुसरी घेतली, त्यापेक्षा बारीक, अजून हिरवट होती, म्हटलं ही तरी वाकेल, तर ती मधेच खडू मोडावा तशी कट्‌कन मोडली, मी जोर पण लावला नव्हता हो. याआधी बोगनवेलीची एक जुनी फांदी अशीच गेली आणि उलट नांदरुकाला मागच्या वर्षी वायर केली तर ती पावसाळ्यात एवढी आत रुतली की आता दिसत पण नाही.

तर मला कळत नाहीये की फांदी नेमकी कुठवर कोवळी धरायची, कधी जून झाली म्हणायचं, जून झालेली वाकवायचीच नाही का, आणि नसेल वाकवायची तर छाटून नवीन फुटवा घ्यायचा का? आणि तोपर्यंत राहिलेल्या सात फांद्यांना हात लावू का नको. हे एकच खोड आहे मामांच्या बागेचं, ते घालवायचं नाहीये.

---

माग_आणि_माती, अशोक चौक

ताई, मोडलेल्या दोन्ही फांद्या टाकून दिल्या नसतील तर जपून ठेवा, मोडलेलं तोंड बघितलं की निम्मं उत्तर तिथंच मिळतं. आणि दोन्ही वेगवेगळ्या तऱ्हेनं मोडल्यात असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय, त्यामुळं दोन्हीचं कारण एकच धरू नका.

फांदी जून होते म्हणजे आत काय होतं ते आधी सांगतो. आमच्या घरी चादरीचे माग होते, त्यामुळं मी ते सुतावरूनच समजून घेतलं. ताण्याचं सूत मागावर चढवायच्या आधी त्याला खळ लावतात, नाहीतर सूत लुळं राहतं आणि ओढ बसली की तुटतं. खळ लावली की ताठ होतं. फांदीत पण तसंच, कोवळ्या फांदीतल्या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या असतात, ते झालं सूत, आणि फांदी पिकायला लागली की त्या सुताच्या फटींमधे लिग्निन भरत जातं, ती झाली खळ. फरक एवढाच की सुताची खळ धुतली की निघते, लिग्निन एकदा बसलं की झाड ते परत काढून घेत नाही. म्हणून जून फांदीवर ओलं फडकं गुंडाळा नाहीतर गरम पाणी ओता, असले उपाय कुणी सांगितले तर ऐकू नका, साल भाजेल आणि लाकूड तसंच राहील.

मी हातानं तीन अवस्था ओळखतो. कोवळी म्हणजे हिरवी, नखानं दाबली की नख रुततं, वाकवली तर चेमटते आणि वायरीनं तिची सालच खरवडून निघते, हिला वायर करू नये. निबर म्हणजे बुडाकडून तपकिरी होत आलेली पण शेंडा अजून हिरवा, दोन बोटांत धरून हळू वाकवली तर वाकते आणि सोडली की पटकन नाही, सावकाश परत येते, वायरिंगची खरी वेळ ही. जून म्हणजे शेंड्यापर्यंत तपकिरी, वाकवली की लगेच हाताला उलटा जोर जाणवतो आणि सोडली की सटकन जागेवर. डाळिंबाची फांदी निबर असते ते दिवस फार थोडे, पावसाळ्यात जूनमधे फुटलेली काडी माझ्याकडे ऑगस्टच्या शेवटापर्यंत निबर होते आणि दिवाळीपर्यंत जून झालेली असते. नांदरुक, वड यांचे हे दिवस लांबलचक, त्यांचं लाकूडच मऊ, बोटाएवढी फांदी सुद्धा ऐकते.

जाडीचं एक गणित पण लक्षात ठेवा. जाडी दुप्पट झाली की वाकवायला दुप्पट नाही, सोळापट जोर लागतो. ४ मिमीची काडी आणि ८ मिमीची काडी यांच्यात एवढा फरक. आणि तेवढाच बाक द्यायचा म्हटलं तर जाड फांदीच्या बाहेरच्या अंगाला ताण पण जास्त बसतो, लाकूड तिथूनच फाटतं. त्यामुळं "पेन्सिलीएवढीच तर आहे" म्हणू नका, डाळिंबाच्या बाबतीत पेन्सिल म्हणजे जाडच.

आता दुसरी गोष्ट, वायर काढल्यावर फांदी तशीच का राहते? बऱ्याच जणांना वाटतं की लाकूड वळलं. तर जुनं लाकूड वळत नाही, ते शेवटपर्यंत परत जायला बघतं. सालीच्या लगेच आत एक ओला चिकट थर असतो, कॅम्बियम, तो दरवेळी जुन्या लाकडावर नवीन लाकडाची एक घडी चढवतो, आणि ही नवीन घडी वाकलेल्या अवस्थेतच तयार होते म्हणून ती फांदीला धरून ठेवते, हाताला प्लास्टर घालतात तसं. साल सोडून नुसतं लाकूड धरलं आणि ८ मिमीची फांदी वाढून १० मिमी झाली तर कापलेल्या तोंडाच्या १०० भागांपैकी ३६ भाग नवीन लाकूड असतं. २० मिमीची वाढून २२ झाली तर जेमतेम १७ भाग. म्हणून बारीक फांदी एका हंगामात बसते आणि जाड फांदीला दोन-दोन वर्षं वायर ठेवावी लागते, मधे काढून परत घालावी लागते. आणि झाड वाढतच नसेल, म्हणजे आपल्याकडच्या एप्रिल-मे मधे, तर वायर चार महिने ठेवली काय आणि चार दिवस ठेवली काय, घडीच चढत नाही तर बसणार काय.

तुमची पहिली फांदी बुडातून सालीसकट आली ना, ते वेगळंच आहे. छाटलेल्या जुन्या खोडातून जो फुटवा येतो तो सालीजवळच्या झोपलेल्या डोळ्यातून येतो, त्याचं लाकूड आत खोडात खोलवर गेलेलं नसतं. खोड त्याच्या बुडाभोवती नवीन लाकडाच्या घड्या चढवतं तेव्हाच त्याची पकड बसते. दीड वर्षाच्या फुटव्याची पकड कच्चीच असते, फांदी स्वतः भले तपकिरी आणि ताठ असू दे. फांदी जून आणि जोड कोवळा, असला मामला. आणि तुम्ही ती खाली ओढली, म्हणजे सगळा जोर त्या जोडावर गेला. पुढच्या वेळी डाव्या हाताचा अंगठा फांदीच्या बगलेत खालून टेकवा, वायरचा पहिला वेढा बगलेतून गेला पाहिजे, आणि बाक बुडापासून बोटभर पुढं द्या. किंवा वायरच करू नका, फांदीच्या मधे रबराची पट्टी घालून दोरीनं क्रेटच्या काठाला बांधा आणि दर आठवड्याला दोरी थोडी थोडी ओढत जा, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चांगली चालते.

दुसरी फांदी हिरवट असून मोडली हे मला खटकतंय. ते तोंड बघा.

---

काडी_पक्व, नान्नज

ताई मी बोन्साय करत नाही, द्राक्ष आणि डाळिंब करतो, पण तुमचं वाचून राहवलं नाही. दुसरी काडी मोडली ती पेरावर, म्हणजे पान फुटतं त्या गाठीवर मोडली का दोन पेरांच्या मधी? ते आधी बगा. तेल्या नुसता फळावर येत नाही ओ, पानावर येतो आणि काडीवर बी येतो. काडीवर आला की पेराच्या जागी तपकिरी काळा डाग पडतो, तो वाढत वाढत काडीला गोल वेढा घालतो, तिथं चीर पडती आणि मग नुसतं वारं आलं तरी काडी तिथंच मोडती, कट्‌कन, खडूवानी. तुमचं खोड तेल्याच्या बागेतलंच हाय म्हणल्यावर मला पहिला संशय तोच. काडीवरच्या त्या जखमेत रोग दबा धरून बसतो आणि पावसाळी हवा आली की परत उठतो.

डाग असलाच तर डागाच्या खाली चांगली टीचभर जागा सोडून निरोगी काडीवर छाटा, छाटलेलं जाळून टाका, गच्चीच्या कोपऱ्यात टाकू नका. दर छाटीला कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवून घ्या. आणि भुरभुर चालू असताना छाटूच नका, दोन दिवस कोरडं ऊन बगून छाटा. जखमेला बोर्डो पेस्ट लावा, दहा टक्क्याची. फवारायचं असलं तर एक टक्का बोर्डो, १ लिटर पाण्याला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडाच्या नाही. आणि केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र हाय, आपल्या गावातच, मोडलेली काडी पिशवीत घालून तिथं दाखवून या.

काडी कच्ची का पक्की हे आमचं रोजचं काम. द्राक्षाला एप्रिलमधी खरड छाटणी करतो, ऑक्टोबरात फळछाटणी, मधल्या सगळ्या दिवसात काडी पिकवायची असती. रंगावर विश्वास ठेवत नाही आमी, वरून तपकिरी दिसती आणि आतून कच्ची निघती. एक काडी कापायची आणि गाभा बगायचा, गाभा पांढरा हिरवट असला तर कच्ची, तपकिरी झाला असला तर पिकली. तुम्ही पण छाटलेल्या तुकड्यांवर हे करून बगा, एका झाडावर दोन-तीनदा केलं की नजर बसती. आणि शेणखत, युरिया जास्त झालं, पाणी जास्त झालं की काडी नुसती लांब पळती, पेरं लांब लांब पडतात आणि काडी पिकायला उशीर करती. ताट-बिट छोट्या कुंडीत झाड ठेवायचं तर पेर जवळ जवळ पाहिजे असणार तुम्हाला, मग नत्र हात आखडूनच द्या.

---

गच्चीवरची_बाग, जुळे सोलापूर

दादा तुमचं वाचलं आणि लगेच गच्चीवर गेले. दोन्ही फांद्या तिथंच कठड्यावर होत्या. दुसरी बरोब्बर पेरावर मोडलीये. मोडलेल्या तोंडाशी सालीवर तपकिरी पट्टा आहे, जवळजवळ गोल फिरलेला, आणि आत लाकूडसुद्धा चहाच्या डागासारखं, बाकी फांदी आतून स्वच्छ पिवळट हिरवी आहे. मला खरंच वाटलं होतं की माझा हात जड आहे. मग बाकीच्या सात फांद्यांचं एक एक पेर बघत बसले, आणखी एका फांदीवर तसाच डाग सापडला, अजून अर्धाच फिरलाय. उद्या परवा ऊन पडलं की काढते.

पहिल्या फांदीच्या बुडाला माग_आणि_माती अण्णा म्हणतात तसंच आहे, तोंड गोल गुळगुळीत, खोडात नुसता उथळ खळगा पडलाय, गाभ्याशी काही संबंधच नाही. तिथं आता काय करू, तशीच सोडू?

---

कात्री_आधी, होटगी रोड

फाटलेल्या जागेच्या कडा धारदार ब्लेडनं साफ करून घे बाळा, सालीचे लोंबणारे धागे ठेवू नकोस, कड स्वच्छ असली की कॅलस, म्हणजे जखम भरून काढणारा नवा थर, नीट फिरतो. मग पेस्ट लाव.

माझं म्हणणं मात्र जरा वेगळं आहे आणि ते मी ठामपणे सांगते. डाळिंब, बोगनवेल, कामिनी, चिंच, ही कडक लाकडाची झाडं वायरीनं घडवायची नाहीतच, कात्रीनं घडवायची. चीनमधे ग्वांगडोंगकडे लिंगनान म्हणून पद्धत आहे, तिथले लोक फांदी वाढू देतात, हवी तेवढी जाड झाली की आखूड छाटतात, मग ज्या दिशेला पाहिजे त्या दिशेच्या डोळ्यातून पुढची फांदी काढतात, ती वाढू देतात, परत छाटतात. प्रत्येक छाटणीला एक वळण मिळतं आणि प्रत्येक टप्प्याला फांदी आधीपेक्षा बारीक. वेळ लागतो पण जे मिळतं ते झाडाचंच असतं, वायरीची सरळ गोल वळणं दिसत नाहीत. माझ्याकडे एक डाळिंब आहे त्याला मी सतरा वर्षांत एकदाही वायर लावली नाही.

यात जून लाकूड आपल्या बाजूचं असतं हे लक्षात घे. कोवळ्या काडीवर छाटलं तर ती सुकत सुकत मागच्या पेरापर्यंत जाते, कधी कधी बुडापर्यंत जाते. पिकलेल्या काडीवर छाटलं की ती तिथंच थांबते आणि मागचे दोन-तीन डोळे जोरात फुटतात. तरी डाळिंब आणि बोगनवेल यांना डोळ्याच्या अगदी चिकटून छाटू नये, डोळ्याच्या वर बोटाच्या पेराएवढा खुंट ठेवावा, तो सुकू द्यावा आणि पुढच्या हंगामात साफ करावा. बोगनवेलीचं मेलेलं लाकूड फार लवकर कुजतं, पाणी मुरलं की आत पोकळ होत जातं, म्हणून तिच्या मोठ्या जखमेवर पेस्ट पाहिजेच. तुझी बोगनवेलीची जुनी फांदी मोडली ती मोडणारच होती, तिचं लाकूड जून झालं की बिस्किटासारखं तुटतं.

आणि एक, जी फांदी जाड व्हायला हवी तिचा शेंडा खुडत बसू नकोस. पानं जास्त तर लाकूड जास्त, तिला मोकळी सोड, हातभर लांब होऊ दे, बघायला वेडीवाकडी वाटली तरी चालेल. जिथं फांदी पुरेशी झाली तिथं मात्र शेंडा दोन पानांवर खुड, म्हणजे वाढ थांबते आणि बारीक फुटवे येतात. एकाच झाडावर एक फांदी मोकळी आणि दुसरी खुडलेली, असं एकाच वेळी चालतं. सगळ्या झाडाला एकसारखी हजामत करणारे लोक बघितले की मला वाईट वाटतं, दहा वर्षांनी पण त्यांच्या फांद्या सुतळीएवढ्याच राहतात.

---

माग_आणि_माती, अशोक चौक

काकू तुमचं डाळिंब मी हुतात्मा बागेतल्या प्रदर्शनात बघितलंय, त्याबद्दल बोलायला मला जागाच नाही. पण एका ठिकाणी माझं मत वेगळं आहे. खोडातून निघताना फांदीचं जे पहिलं बोटभर वळण असतं, ते कात्रीनं मिळत नाही. फुटवा निघतो तो वर आभाळाकडे निघतो, त्याला छाटलं तरी बुड वरच तोंड करून राहतं आणि म्हाताऱ्या झाडाची फांदी बुडापासून थोडी खाली झुकलेली पाहिजे, तरच वय दिसतं. तेवढं एक वळण निबर अवस्थेत वायरीनं द्यावं आणि त्याच्या पुढचं सगळं तुमच्या कात्रीनं, असं मी करतो.

तेवढ्यासाठी सुद्धा नुसती वायर पुरत नाही कधी कधी. झाडाची फांदी आडवी केली की ती परत वर उचलायला बघते, चिंच डाळिंब अशा झाडांत फांदीच्या वरच्या अंगाला ताणाचं वेगळं लाकूड तयार होतं, ते फांदीला वर खेचत राहतं. म्हणून मी नेहमी हव्या त्यापेक्षा थोडी जास्तच खाली बांधतो, वायर काढल्यावर ती जरा वर येते आणि मग बरोबर जागेवर बसते.

ताई, वायरीबद्दल थोडं. अ‍ॅल्युमिनियम चांगली, नवशिक्याला तीच, जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश, तिरपी ४५ अंशात गुंडाळा, सालीला टेकलेली पाहिजे पण दाबलेली नको, आणि बाकाच्या बाहेरच्या अंगावर वायरचा एक वेढा आलाच पाहिजे कारण फाटायला सुरुवात तिथून होते. डाळिंबाला मी तांब्याची वापरतो, मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे जुनी मिळते. चुलीत लाल होईपर्यंत तापवून घेतली की मऊ पडते, वरचा लेप जळताना धूर फार होतो म्हणून घरात करू नका. एकदा वाकवली की तांबं कडक होतं, मग ते फांदीला अ‍ॅल्युमिनियमपेक्षा बारीक जाडीत धरून ठेवतं. लोखंडी बाइंडिंग वायर नको, गंजते, डाग पडतात. आणि वायरिंगच्या आदल्या दिवशी पाणी थोडं कमी द्या, फांदीतलं पाणी उतरलं की ती जरा ऐकते, पण हे पावसाळ्यातच, आपल्या बेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात असलं करायला जाऊ नका, झाड जाईल.

वाकवताना कान द्या. बारीक चर्र असा आवाज आला की थांबायचं, तेवढ्यावर बांधून ठेवायचं, पुढचं पंधरा दिवसांनी.

---

गच्चीवरची_बाग, जुळे सोलापूर

अण्णा, काकू, दोघांचंही पटतंय, म्हणजे पहिलं वळण वायरीनं आणि पुढं कात्री, असंच करते. पण नांदरुकाचं राहिलंच. वायर दोन जागी पूर्ण आत गेलीये, नुसती नागमोडी रेघ दिसते, आणि त्याच्या वरचा भाग खालच्यापेक्षा फुगलाय.

---

माग_आणि_माती, अशोक चौक

पानात तयार झालेलं अन्न सालीतूनच खाली उतरतं, वायरीनं वाट आवळली की ते वर तुंबतं, म्हणून वरचा भाग फुगला. उलटी फिरवून वायर काढायला जाऊ नका, साल सोबत येईल. प्रत्येक वेढा जिथं वर दिसतो तिथं कटरनं तोडा आणि तुकडा तुकडा सरळ उचलून काढा. जो तुकडा पूर्ण गिळलाय तो खोदत बसू नका, राहू दे आत. चीक येईल, ओल्या फडक्यानं पुसा, थांबतो आपोआप. नांदरुकाच्या रेघा जाडी वाढली की दोन-तीन वर्षांत बऱ्याच पुसल्या जातात. नाहीच पुसल्या आणि तुम्हाला खुपत राहिल्या तर खाली छाटा, नांदरुक उघड्या जून लाकडातून पण फुटतं, त्याची भीती नाही.

नांदरुकाला पावसाळ्यात वायर केली की चौथ्या आठवड्यापासून दर रविवारी बघायचं. त्याचं लाकूड पटकन चढतं म्हणून फांदी पण पटकन बसते, दीड-दोन महिन्यांत काम होतं, पण तेवढ्याच वेगानं वायर रुतते. डाळिंबाची पाच-सहा महिने ठेवली तरी सहसा रुतत नाही, ती सावकाश वाढते.

---

काडी_पक्व, नान्नज

ताई डाग पडलेली काडी काढली का? संशोधन केंद्रात जाऊन आलात का?

---

गच्चीवरची_बाग, जुळे सोलापूर

उशीर झाला सांगायला, पाच आठवडे होऊन गेले. केगावला जाऊन आले, तिथं काडी बघून तेल्याच आहे म्हणाले आणि तुम्ही सांगितलं तसंच करायला सांगितलं. डागाची फांदी टीचभर खाली छाटली, तुकडा गॅलरीत जाळला, बोर्डो पेस्ट लावली. छाटलेल्या तुकड्याचा गाभा पण बघितला दादा, बुडाकडे तपकिरी होता आणि शेंड्याकडे पांढरा, मधे कुठंतरी रंग बदलत गेलेला, एका बोटाच्या लांबीत कोवळी, निबर, जून सगळं दिसत होतं. तो तुकडा मी उभा चिरून वहीत चिकटवून ठेवलाय.

राहिलेल्या सहापैकी तीन फांद्यांना बुडाजवळ अंगठा टेकवून वायर केली, एकीला आवाज आला तिथंच थांबले, बाकीच्या तिघींना हात लावला नाही. मामांना फोटो पाठवला, त्यांनी झूम करून बघितला आणि फोन करून विचारलं की पेरं नीट बघतेस ना.

आणि मुख्य म्हणजे जिथून पहिली फांदी सालीसकट निघाली होती त्या खळग्याच्या खालच्या कडेला तीन लाल डोळे फुटलेत. एक वर जातोय, एक बाहेर, एक मागं खोडाकडे वळलाय. वरचा काढून टाकू का? तो सगळ्यात जोरदार आहे.

---

कात्री_आधी, होटगी रोड

मागचा काढ, वरचा आत्ताच काढू नकोस. जोराचा फुटवा त्या जागेला अन्न ओढून आणतो, त्यानं जखमेची कड लवकर भरेल आणि बाहेर जाणाऱ्याचं बुड पण पक्कं होईल. दिवाळीपर्यंत दोघांना वाढू दे, मग वरच्याचा शेंडा खुड, आणि बाहेरचा निबर झाला की तू ठरवलंस तशी त्याला वायर कर आणि त्याच दिवशी वरचा छाट. तोवर बाहेरच्याला ऊन मिळेल असा क्रेट फिरवत राहा, दर आठवड्याला एक पाव फेरा.